लिहून परत त्याच घरात राहायचं

सातारा
रविवार, दुपार

प्रिय बये,

परवा फोनवर तू म्हणालीस ना, आत्मचरित्रं म्हणजे सगळी रडगाणी, त्यापेक्षा एखादी झकास कादंबरी सुचव, तेव्हा मी काही बोलले नाही कारण गॅसवर दूध होतं आणि तुझीही बस आली होती, पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज जेवणं झाल्यावर बसलेय लिहायला. मोठं होईल, सावकाश वाच.

आधी कादंबऱ्यांचं सांगते म्हणजे तुला वाटायला नको की मी त्यांच्यावर राग धरलाय. मिलिंद बोकिलांची 'शाळा' परत वाचली. २००४ ला आली तेव्हा होस्टेलवर आपण दोघींनी एकाच रात्रीत, पाळीपाळीनं वाचली होती, आठवतंय? तेव्हा सगळं लक्ष नववीतल्या मुकुंदाला आवडणाऱ्या शिरोडकरकडं होतं. आता घरात नववीतलं पोर आहे, तर मी अख्खी कादंबरी मुकुंदाची आई होऊन वाचली गं. तो कुठं गेला, कुणाबरोबर बसला, उशिरा का आला. बाहेर आणीबाणी चालू आहे आणि पोरांच्या जगात मात्र एका मुलीनं मागं वळून बघितलं का नाही एवढाच प्रश्न, हे त्यांनी कसलं अचूक पकडलंय. मला आजही ती तेवढीच आवडली.

'रिंगाण'पण वाचली, कृष्णात खोतांची, २०२३ चं साहित्य अकादमी मिळालं ती. धरणामुळं उठलेलं गाव आणि मागं राहिलेली म्हैस. कोयनेचे उठलेले लोक आपल्या जिल्ह्यात आपण लहानपणापासून बघतोय, पण जनावराचंही गाव असतं आणि तेही उठतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सुरुवातीला भाषा जरा अंगावर येते, पन्नासेक पानं दम धर, मग सोडवत नाही.

आणि 'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकरांची, धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला गेलेल्या मास्तरची गोष्ट. १९५५ ची. ती मी तिसऱ्यांदा वाचली, कारण मागच्या उन्हाळ्यात दहिवडीहून म्हसवडला जाताना रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला आणि आम्ही गाडी बंद करून बसलो. दहा मिनिटं नुसता फुफाटा, लोकरीचा तो उग्र वास काचा लावल्या तरी आत, शेवटी एक बाई, डोक्यावर बाजलं आणि बाजल्याला उलटी बांधलेली कोंबडी. तिनं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. घरी आल्या आल्या पुस्तक काढलं. माडगूळकर स्वतः कोवळ्या वयात मास्तरकी करून आलेले, त्यामुळं एक वाक्य फालतू नाही त्यात. दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, मास्तर निघतो.

आता इथंच माझा मुद्दा आहे बघ. मास्तर निघतो. कादंबरीत निघता येतं. नाव बदललं, गाव बदललं, दोन माणसांचा एक माणूस केला की लिहिणारा मोकळा. आत्मचरित्र लिहिणारा कुठं जाणार? लिहून झालं की परत त्याच घरात राहायचं, त्याच माणसाला सकाळी चहा द्यायचा. तू ज्याला रडगाणं म्हणतेस ना, त्याला किती काळीज लागत असेल ते या चार महिन्यांत ही आत्मचरित्रं वाचताना मला कळलं.

सुनीताबाई देशपांडेंची 'आहे मनोहर तरी' नगरवाचनालयातून आणली होती. १९९० चं पुस्तक, तेव्हा नवरा, म्हणजे पुलं, हयात, त्यानंतर दहा वर्षं होते ते. अख्ख्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाबरोबर घरात राहणं कसं असतं, तो माणूस किती गुणी आणि घरात किती परावलंबी, हे त्यांच्या समोर बसून बाईंनी लिहिलं. लोक किती चिडले होते, माझ्या वडिलांना ते अजिबात सहन झालं नव्हतं, मला आठवतंय. तर त्या वाचनालयाच्या प्रतीत एका पानाच्या कडेला कुणीतरी निळ्या बॉलपेननं लिहून ठेवलंय, "घरातलं घरात ठेवावं". मी खोडरबर घेऊन बसले, पण बॉलपेन कुठलं जातंय, पान फाटायला लागलं तसं सोडून दिलं. मला सुनीताबाईंचं सगळं पटलं असं नाही. काही ठिकाणी त्या स्वतःबद्दलही इतक्या कडक होतात की वाचताना आपण अवघडतो. पण नवऱ्याचे दोष सांगताना त्या स्वतःला वगळत नाहीत, हे त्या पेनवाल्यानं वाचलं असतं तर बरं झालं असतं.

'उपरा'बद्दल थोडंच सांगते. लिहिणारे लक्ष्मण माने भटक्या कैकाडी समाजातले, आपल्या फलटण तालुक्यातले, पुस्तक १९८० चं आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी. गाढवावर बिऱ्हाड, फोकाच्या कणग्या विणायच्या आणि बाप म्हणतो पोरगं शाळेत जाणार. तो बाप मला फार आवडला. मागचा भाग मला जरा घाईत लिहिल्यासारखा वाटला, पण पहिली शंभर पानं मी उठले नाही.

पण बये, खरं सांगायचंय ते बेबीताई कांबळेंबद्दल. 'जिणं आमुचं'. वीरगावचा महारवाडा, तिथली भूक, सासुरवास, सुनांचे हाल, आणि त्यातच बाबासाहेबांच्या चळवळीनं उभी राहिलेली माणसं. आपल्याच समाजातल्या पुरुषांनी बायकांना काय केलं तेही लिहिलंय, झाकलं नाही. बाई फलटणला छोटं दुकान चालवायच्या आणि माल बांधायला आलेली रद्दीची वर्तमानपत्रं वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या, आणि ते लिहिलेलं वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. वीस वर्षं गं! 'स्त्री' मासिकात छापून आलं तेव्हा कुठं लोकांना कळलं, पुस्तक १९८६ ला. त्याच्या इंग्रजी अनुवादाच्या शेवटी त्यांची मुलाखत आहे, तिथं त्या सांगतात की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. आणि मूळ पुस्तकात हे जवळजवळ नाहीच! तिथं सगळं "आम्ही". मला आधी वाटलं की स्वतःचं का नाही लिहिलं. मग वाटलं, कसं लिहिणार, त्याच घरात तर राहायचं होतं. म्हणजे जे लिहिलंय तेवढंच नाही, जे लिहिता आलं नाही तेही त्या पुस्तकात आहे, आणि तू म्हणतेस रडगाणं.

हे मी रात्री सासूबाईंना सांगत होते. त्या मेथी निवडत होत्या. त्यांचं माहेर फलटणकडचंच, शिक्षण चौथीपर्यंत. मला वाटलं त्या म्हणतील बिचारी, किंवा काय ते नशीब. त्यांनी एकदम विचारलं, "कुठं लपवायची?" मी म्हटलं असंच, कुठं कुठं कोपऱ्यात, धुळीत. तर मान हलवून म्हणाल्या, "पिठाच्या डब्यात ठेवायचं. त्यात कुठला पुरुष हात घालतोय." आणि परत मेथी निवडायला लागल्या. मी बघतच राहिले. त्यांनी काय ठेवलं होतं पिठाच्या डब्यात, ते विचारायचा धीर मला झाला नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली माझ्या, आणि मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवायला लागले. आता हे तरी रडगाणं म्हणून दाखव. १८९५ मध्ये नवरा, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाला, पाच वर्षं ताटातूट, कडक सोवळ्यातलं माहेर, आणि बाई सांगतात कशा तर शेजारी बसून शेंगा सोलत सांगाव्या तशा. टिळकांवर रागावतात, त्यांची नक्कल करतात, आणि त्यांच्याशिवाय एक पान जात नाही. पहिला भाग आला १९३४ ला, टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, तरी वाचताना वाटतं की आतल्या खोलीत ते बसलेत आणि त्यांना ऐकू जावं म्हणून या जरा मोठ्यानं बोलतायत. टिळक १९१७ ला इथं साताऱ्यात राहायला आले होते, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा बंधुसंघ त्यांनी इथंच काढला, हे मी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ही बाई आपल्याच गावातली म्हण की." तेव्हापासून त्यांना ती लक्ष्मीबाई नाही, "आपली बाई" झालीये. काल मला भाजी टाकायला उशीर झाला तर आतून हाक, आज आपल्या बाईचं काय झालं पुढं?

तर 'जिणं आमुचं' आणि 'रिंगाण' बुधवारी आमच्या ह्यांच्याबरोबर पाठवते, ते पुण्याला येणार आहेत, स्वारगेटला घे. बरोबर अर्धा किलो कंदी पेढे आहेत, पोरांना लगेच दाखवू नको. 'जिणं आमुचं' आधी वाच आणि मग फोन कर, भांडायचं असेल तर भांड, पण वाचून भांड.

'स्मृतिचित्रे' मागू नकोस इतक्यात. परवापासून सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतलीये, चष्मा लावून बोट ठेवून ठेवून स्वतःच वाचतात, दिवसाला चारपाच पानं होतात, आणि खूण म्हणून मध्ये फुलवात ठेवतात.

तुझीच