टनांसोबत ग्रॅमचाही हिशेब मागा : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरण मंत्री,
सादर नमस्कार.

ई-कचऱ्याचे धोरण बहुतेक सगळीकडे वजनावर चालते. किती टन गोळा झाला, किती टन पुनर्वापराला गेला, आकडे जुळले की अहवाल पूर्ण. त्यात सगळ्यात मोलाचे जे आहे तेच हातचे जाते, म्हणून हे पत्र.

जुन्या संगणकाची रॅम हातात घेऊन पाहा. कडेला पिवळ्या पट्ट्या दिसतात, तो सोन्याचा मुलामा. चिपच्या पोटात अनेकदा केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात. तांदळाच्या दाण्याहून लहान जुन्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या सुट्या भागात) पॅलॅडियम हा मौल्यवान धातू सापडतो, रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) टोकांना चांदी. संगणकाच्या टनभर सर्किट बोर्डांत साधारण 200 ग्रॅम सोने निघते. खाणीतल्या टनभर दगडात 5 ग्रॅम मिळाले तरी ती खाण चांगली म्हणायची. (टीव्हीच्या बोर्डात सोने बरेच कमी, त्यामुळे सगळा माल एकाच ढिगात टाकणे हेही नुकसानच.)

आता हाच संगणक अख्खा श्रेडरमध्ये, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रात, गेला की काय होते? लोखंड चुंबकाने निघते, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वेगळे होते, आणि सोन्याची धूळ या सगळ्यांत विखुरते. जर्मनीतल्या एका प्रकल्पाची अशी मोजणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. आत गेलेल्या सोन्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा पुढे काढता येण्याजोग्या मालात पोचला होता. टनांच्या हिशेबात ही गळती दिसणार तरी कशी?

याउलट बोर्ड आधी हाताने काढून तांब्याच्या भट्टीत गेले, तर वितळलेले तांबे सोने, चांदी, पॅलॅडियम स्वतःत ओढून घेते. पुढे विजेच्या साहाय्याने तांबे शुद्ध करताना हे धातू तळाच्या गाळात जमतात आणि तिथून वेगळे काढता येतात. टोकियो ऑलिंपिकच्या सुमारे 5000 पदकांसाठी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून 32 किलो सोने असेच गोळा झाले. म्हणजे हे जमते.

आणि जिथे हे होत नाही तिथे आम्लाची पिंपे आहेत. माणसे उघड्या हातांनी बोर्ड नायट्रिक आम्लात बुडवतात, तपकिरी धूर छातीत घेतात, पट्ट्यांवरचे थोडे सोने खरवडतात आणि बाकीचे गटारात ओततात. नुसत्या बंदीने हे थांबणार नाही, कारण त्यावर त्यांचे पोट आहे. पण अख्ख्या बोर्डाला आम्लातून सुटणाऱ्या पैशांपेक्षा जास्त भाव मिळाला, तर कोण कशाला बुडवेल? सुटे भाग वेगळे करण्यात या लोकांचा हात कोणी धरू शकत नाही. ते काम त्यांच्याकडेच राहू द्या, रीतसर मजुरीने आणि हातमोजे-मुखवट्यासह.

2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला चौथा हिस्साही नोंद होऊन पुनर्वापराला गेला नाही. संकलन वाढवायलाच हवे. पण श्रेडरच्या आधी बोर्ड काढणे सक्तीचे करा, आणि परवाना देताना प्रकल्पाला विचारा, आत किती ग्रॅम गेले, बाहेर किती आले. पुढच्या वार्षिक अहवालात टनांच्या रकान्याशेजारी सोने, चांदी आणि पॅलॅडियमचे रकाने असावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नागरिक