निकालाआधीचा निकाल

प्रति,
मा. संपादक,

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत फिगर स्केटिंगच्या दूरचित्रवाणी समालोचनावर आलेला लेख वाचला. समालोचकांच्या अखंड बोलण्याला कंटाळलेल्या चाहत्यांची बाजू लेखकाने हिरिरीने मांडली आहे आणि शेवटी ‘आवाज बंद करून स्पर्धा पाहा’ असा उपायही सुचवला आहे. आवाज बंद केला की समालोचनाबरोबर संगीतही जाते आणि मग हा खेळ निम्माच उरतो, ही अडचण बाजूला ठेवली तरी लेखाचा रोखच मला पटला नाही. समालोचक फार बोलतात ही तक्रार खरी असली तरी दुय्यम आहे. खरी हानी होते ती परीक्षकांचे गुण पडद्यावर येण्याआधीच समालोचक विजेता ठरवून मोकळा होतो तेव्हा. ऐकणाऱ्याच्या मनात तोच निकाल पक्का होतो आणि नंतर आलेला वेगळा निकाल त्याला अन्याय वाटू लागतो.

सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये ११ फेब्रुवारी २००२ रोजी जोड्यांची फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेची दुसरी आणि मोठी फेरी झाली, त्या रात्रीचे उदाहरण घेऊ. कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेतिए यांनी एकही चूक न करता कार्यक्रम पूर्ण केला. रशियाच्या एलेना बेरेझ्नाया आणि अँटोन सिखारुलिद्झे यांच्यापैकी सिखारुलिद्झे डबल ॲक्सेल या उडीवरून उतरताना अडखळला. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९८४ चे ऑलिंपिक विजेते स्कॉट हॅमिल्टन आणि नामवंत नृत्यसंयोजक सँड्रा बेझिक समालोचन करत होते आणि सुवर्णपदक कॅनडाचेच, हा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. पाच विरुद्ध चार परीक्षकांच्या मताने पदक रशियाकडे गेले, तेव्हा आपल्या खेळाची आपल्याला लाज वाटते, असे बेझिक यांनी थेट प्रक्षेपणातच सांगून टाकले. पुढचे सर्वांना आठवत असेल. फ्रान्सच्या परीक्षक मारी-रेन ल गून्य यांनी रशियन जोडीला मत देण्यासाठी आपल्यावर दबाव होता असे सांगितले, कॅनडाच्या जोडीला दुसरे सुवर्ण देण्यात आले, आणि ल गून्य यांच्यासह फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष दिदिए गायागे यांना तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले.

म्हणजे समालोचकांचेच बरोबर होते, असे लेखक म्हणतील. परीक्षणात सौदा झाला हा संशय रास्त होता, हे मलाही मान्य आहे. परंतु त्यावरून त्या रात्री सरस कोण होते हा प्रश्न सुटत नाही. कॅनडाच्या जोडीने जुनाच लोकप्रिय कार्यक्रम पुन्हा बाहेर काढला होता; रशियन जोडीच्या कार्यक्रमात उड्या, गिरक्या अशा दोन घटकांमधली जोडणी अधिक दाट आणि अवघड होती. मला स्वतःला आजही रशियन जोडीचा कार्यक्रम अधिक संपन्न वाटतो, आणि मतभेदाला जागा आहे हेही मी जाणतो. एनबीसीच्या प्रेक्षकाला मात्र त्या रात्री मतभेदाची ही जागा फारशी दाखवलीच गेली नाही.

या प्रकरणानंतर कमाल ६.० गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि २००४ मध्ये आजची गुणपद्धती स्वीकारली गेली. समालोचकाची जबाबदारी त्यामुळे कमी होण्याऐवजी वाढली आहे, कारण आता निकाल ज्यावर ठरतो त्यातले बरेचसे साध्या डोळ्यांना दिसत नाही. तीन सदस्यांचे तांत्रिक पॅनल प्रत्येक घटकाचे नाव आणि त्रुटी ठरवते, आणि नऊ परीक्षक त्या घटकाच्या दर्जासाठी उणे ५ ते अधिक ५ असे गुण देतात. हवेतल्या गिरकीत पावापेक्षा जास्त पण अर्ध्यापेक्षा कमी तूट राहिली, तर उडीचे मूळ मूल्य ८० टक्क्यांवर येते. अर्धी किंवा त्याहून अधिक गिरकी कमी पडली, तर तिहेरी उडी दुहेरीच्या भावाने मोजली जाते. पूर्ण वेगात ही तूट कोणाला दिसणार? पुण्यात चाकांच्या स्केटवर आर्टिस्टिक प्रकार शिकणारी मुले याच नावांच्या उड्या मारतात, आणि कठड्याला टेकून उभे असलेल्या पालकांना पोराची गिरकी कुठे कमी पडली हे शेवटी प्रशिक्षकालाच विचारावे लागते. पडद्याच्या कोपऱ्यात धावणारा तांत्रिक गुणांचा आकडाही पॅनलची फेरतपासणी होईपर्यंत कच्चाच असतो. अशा वेळी समालोचक ‘निर्दोष’ म्हणून मोकळा होतो, सभागृह टाळ्या वाजवते, मग गुण खाली येतात आणि चाहते परीक्षकांवर तुटून पडतात. रीप्ले दाखवताना ‘या उतरणीकडे पॅनल पुन्हा पाहील’ एवढे एक वाक्य बोलले गेले असते, तर अर्धी भांडणे झालीच नसती.

सोचीतील २०१४ च्या ऑलिंपिकमधल्या महिलांच्या स्पर्धेबाबत चाहत्यांचा वाद अजून शमलेला नाही. अॅडेलिना सोत्निकोव्हा या रशियन स्केटरला २२४.५९ गुण मिळाले आणि दक्षिण कोरियाच्या किम यु-नाला २१९.११. सोत्निकोव्हाच्या फ्री स्केटमध्ये तिहेरी उड्या सात होत्या, किमच्या सहा. किमचे स्केटिंग अधिक परिपक्व होते, याविषयी फारसे दुमत नाही. परीक्षकांमध्ये रशियन संघटनेच्या महासंचालकांच्या पत्नी होत्या आणि पूर्वी निकाल ठरवण्याच्या प्रयत्नाबद्दल निलंबित झालेले युक्रेनचे एक परीक्षकही होते, हे आक्षेपार्हच होते. शिवाय त्या काळी कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे गुप्त ठेवले जात असे; ती गुप्तता २०१६ मध्ये रद्द झाली. येथे दोन वेगळे प्रश्न आहेत: पॅनल कसे निवडले, आणि त्या दिवशी बर्फावर काय घडले. पहिल्याचे उत्तर संतापजनक असले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही. समालोचकाने दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले, तरच प्रेक्षकालाही ते वेगळे ठेवता येतात.

लेखकाने एनबीसीचे समालोचक आणि माजी स्केटर तारा लिपिन्स्की आणि जॉनी वीअर यांच्या २०२२ च्या मौनाचे कौतुक केले आहे. बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या कामिला वालिएवाच्या शॉर्ट प्रोग्रॅमच्या, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीच्या वेळी हे दोघे जवळजवळ गप्प राहिले, आणि हा वालिएवाचा शॉर्ट प्रोग्रॅम होता एवढेच आपण म्हणू शकतो, अशा अर्थाचे शेवटी बोलले. तिच्या डिसेंबर २०२१ मधील नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे खेळाडूंना बंदी असलेले हृदयाचे औषध सापडले होते, आणि क्रीडा लवादाने तिला खेळू दिले असले तरी निर्दोष ठरवलेले नव्हते. तिने खेळू नये हे या दोघांचे मत होते, आणि मला ते पटते. पण मौन हासुद्धा निकालच असतो, आणि तो कारणे न देता दिलेला निकाल असतो. त्या क्षणी बर्फावर काय चालले आहे, त्याचे मूल्य काय आणि ते पुढे टिकेल की नाही, हे सांगायला दोघांपेक्षा योग्य माणसे नव्हती. ती ज्यात रशियाकडून खेळली त्या बीजिंगच्या सांघिक स्पर्धेचा हिशोब तर जानेवारी २०२४ मध्ये लवादाने तिला अपात्र ठरवल्यानंतर लागला, आणि अमेरिका व जपानच्या संघांना त्यांची पदके त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये मिळाली.

गप्प बसणे आणि बडबडणे यांच्यामधली वाट काही समालोचकांनी दाखवून दिली आहे. १९४८ आणि १९५२ चे ऑलिंपिक विजेते, स्पर्धेत डबल ॲक्सेल आणि पुढे तिहेरी उडी पहिल्यांदा उतरवणारे डिक बटन जानेवारी २०२५ मध्ये निवर्तले. त्यांची मते तिखट असत, पण ती पाठीचा बाक, ताणलेली पावले, गिरकीतली शरीराची ठेवण यांविषयी असत. ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी कुठे पाहायचे ते कळत असे. ज्युनियर ग्रां प्री या कनिष्ठ स्केटरांच्या स्पर्धामालिकेच्या यूट्यूबवरील प्रक्षेपणात कॅनडाचे टेड बार्टन यांनी तेच काम अधिक मवाळपणे केले. आजची गुणपद्धती घडवण्यात स्वतःचा हात असल्यामुळे त्यांना उडी का कापली जाते, म्हणजे तिचे गुण का घटतात, हे सांगता येई, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पडलेल्या पोरीला तिचा कमीपणा न जाणवू देता ते सांगत. मैफिलीत तानेला ‘वाहवा’ म्हणणारा चालतो; तान चालू असताना रागाचे व्याकरण सांगणाऱ्याकडे लोक वळून बघतात. बार्टन यांचे व्याकरण बहुतेक वेळा तान संपल्यावर, रीप्लेच्या वेळी येत असे.

रेडिओची गोष्ट वेगळी होती. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचे समालोचन केले, तेव्हा मैदान ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे करणे हेच काम होते. दूरचित्रवाणीवर मैदान आधीच समोर असते. तेथे समालोचकाला उरते ते न दिसणारे सांगण्याचे काम. शिझुका अराकावाने २००६ मध्ये तुरीनला सुवर्ण जिंकताना पाठ मागे झुकवून केलेला इना बाउअर हा बर्फावर सरकत जाण्याचा प्रकार नव्या पद्धतीत स्वतंत्र गुण मिळवून देणारा नव्हता, तरी तिने तो कार्यक्रमात ठेवला. ही गोष्ट कोणी सांगितली नाही, तर पाहणाऱ्याला ती गुणांसाठीचीच एक हालचाल वाटते.

या निमित्ताने आपल्या क्रीडा पानालाही एक विनंती. प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर काही वेळातच आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना प्रत्येक स्पर्धकाच्या गुणांचा घटकवार तक्ता प्रसिद्ध करते. त्यात कोणती उडी कापली गेली आणि कोणत्या परीक्षकाने काय दिले, हे सगळे असते. वृत्तसंस्थेच्या मजकुराबरोबर पहिल्या तीन स्पर्धकांच्या फ्री स्केटमधली कापली गेलेली उडी आणि सर्वाधिक गुण मिळवणारा घटक, एवढे जरी चार ओळींत छापले, तरी मराठी वाचकाला परदेशी समालोचकाच्या मतावर अवलंबून राहावे लागणार नाही. पुढील जागतिक स्पर्धेच्या वेळी हा प्रयोग करून पाहावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे