पाणी कोपराला लागलंय

नाशिक, पंचवटी
12 ऑगस्ट

प्रिय दिन्या,

सात महिने ना पत्र ना फोन. रागावला असशील, आणि राग रास्त आहे. आईचा गुडघा बरा, माझी शुगर ताब्यात. लिहायला बसलो ते राणी घोडीसाठी.

"डांबरावर पळवू नको," तू म्हणाला होतास. मी तुला पुस्तकी किडा म्हणून हिणवलं आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यातच तिच्या पुढच्या डाव्या पायाची मागची नस, म्हणजे कंडरा, फाटली. सोनोग्राफीत मधोमध काळा डाग. मग तुला कुठल्या तोंडाने फोन करणार होतो?

नदीत पोहायला न्यायचं माझ्या मनात होतं. आपलं तेही भांडण आठवतं ना? तूच बरोबर होतास. पोहताना घोडा मान वर काढतो, पाठ आत दबते आणि पायावर भारच येत नाही. नस भरून यायची तर तिच्यावर बेताबेताने भार यावाच लागतो, त्याशिवाय नवे धागे सरळ रांगेत बसत नाहीत.

म्हणून पुण्याकडे, पाण्यातल्या ट्रेडमिलवर. काचेचा अरुंद हौद, खाली पट्टा. दारं लागली आणि खालून पाणी चढायला लागलं तशी राणी थरथरली. मोतद्दाराने गूळ पुढे केला. तो खाल्ला, वर त्याची बाहीपण चावली, मग कुठे चालली! पाणी खुरावरच्या सांध्याला होतं तोवर एकेक पाय बगळ्यासारखा उचलत होती. कोपराला लागलं तशी मान खाली आली, पाठ सैल झाली. दिन्या, मी काचेला हात लावून रडलो.

दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला पाणी लागलं असा आपण गोदेचा पूर मोजतो ना, तसंच इथे. कोपराला पाणी आलं की शरीराचा 10 ते 15 टक्के भार हलका होतो, खांद्याच्या टोकाला 30 ते 45, कमरेच्या हाडाला आलं तर 75 टक्क्यांपर्यंत. पूर ओसरला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. इथे डॉक्टर पाणी उतरवायला लागले की माझ्या पोटात गोळा येतो. पाण्यात ती लंगडत नाही, पण ते नस भरली म्हणून, की भार पाणी उचलतंय म्हणून? वर्षभर तरी धीर धरा, असं डॉक्टर सांगतात. बरं दिसलं म्हणून घाई केली की पुन्हा तिथेच फाटते. हे ऐकल्यापासून झोप नाही.

तुझी बदली झाली म्हणे? बाळाच्या बारशाला आलो नाही, वहिनींची माफी मागायची आहे. अंगडं-टोपडं घेऊन ठेवलंय.

रविवारी पुन्हा सोनोग्राफी आहे. स्क्रीनवर तो डाग मला एकट्याने बघवणार नाही. येतोस?

तुझा,
बाळ्या