विवेकला पत्र : अनुदान, कोअर आणि अडकलेला पैसा

नाशिक

प्रिय विवेक,

सप्रेम नमस्कार.

लातूर एमआयडीसीत प्लॉट घेऊन डीपीचे ट्रान्सफॉर्मर बनवायचे, त्याला 'मेक इन इंडिया'ची पसंती मिळेल, वर राज्याचं अनुदान मिळेल, असं तू लिहिलंस आणि सोबत सीएने मांडलेला हिशेब पाठवलास. हिशेबातली बेरीज बरोबर आहे, पण ज्या दोन खांबांवर तो उभा आहे ते तुला वाटतात तेवढे भक्कम नाहीत. कारखाना काढू नकोस असं मी म्हणत नाही. धोरणाच्या भरवशावर काढू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी सरकारी खरेदीत देशी मालाला पसंती देणारा केंद्राचा 'मेक इन इंडिया' आदेश घेऊ. २०१७चा तो आदेश २०२० मध्ये बराच बदलला. ज्याच्या मालात स्थानिक वाटा ५० टक्के किंवा जास्त तो क्लास-१ पुरवठादार, २० ते ५० टक्के तो क्लास-२. पसंतीची मर्यादा २० टक्के. लोक इथेच घसरतात. २० टक्के महाग दर लावला तरी ऑर्डर मिळते, असा त्याचा अर्थ नाही. समज, १००० ट्रान्सफॉर्मरची निविदा आहे, सर्वांत कमी दर १०० रुपये एका क्लास-२वाल्याचा आणि तुझा ११५. तू २० टक्क्यांच्या आत आहेस म्हणून तुला बोलावतील आणि विचारतील, १०० रुपयांत देतोस का? हो म्हणालास तर निम्मे, म्हणजे ५०० नग तुझे. घाटा सोसायचा तो तूच.

आणि वितरण ट्रान्सफॉर्मरमध्ये तर हा प्रश्न बहुधा येतच नाही, कारण समोरचे सगळेच क्लास-१ असतात. स्थानिक वाटा काढायची रीत अशी : करांशिवायची एकूण किंमत, त्यातून आयात मालाची किंमत सीमाशुल्कासह वजा. १०० रुपयांच्या मालात कोअर (तारेची वेटोळी ज्यावर बसतात तो पोलादी गाभा) २५ रुपयांचा धर आणि तो सगळाच्या सगळा परदेशी धर, तरी स्थानिक वाटा ७५ टक्के. ट्रान्सफॉर्मरचं काळीज बाहेरून आलं तरी कागदावर तो पक्का देशी. म्हणूनच या नियमाने कोअरचं पोलाद देशात बनू लागलं नाही. नियम रुपये मोजतो, नेमका कोणता भाग अडतो हे पाहत नाही. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्येही तेच : टॅप चेंजर (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्विच), वरच्या व्होल्टेजची बुशिंग (तार टाकीबाहेर काढणारे इन्सुलेटर), उत्तम प्रतीचा प्रेसबोर्ड (इन्सुलेशनचा पुठ्ठा) हे किमतीत थोडे, पण यातला एक जरी आला नाही तरी सगळं काम ठप्प.

दोन बारकावे मात्र लक्षात ठेव. भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून रुपयांत घेतलेलं परदेशी लॅमिनेशन (कोअरच्या पोलादी पट्ट्या) स्थानिक ठरत नाही, २०२४च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केलं आहे. १० कोटींच्या वरच्या खरेदीत ऑडिटरचं किंवा सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत निविदा बंद. दुसरं, हा आदेश केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना लागू आहे. महावितरणच्या निविदेत तो कधी येतो? पैसा पूर्ण किंवा अंशतः केंद्राचा असला तर, जसं आरडीएसएस या वीज वितरण सुधारणेच्या योजनेत. स्वतःच्या पैशांतून काढलेल्या खरेदीत त्या निविदेच्या अटी बघायच्या. त्यामुळे प्रत्येक निविदेत 'निधी कुठला' हा रकाना आधी वाच. लघुउद्योगांसाठीचा २०१२चा खरेदी आदेश वेगळा : त्यात १५ टक्क्यांचा पट्टा (तुझा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत हवा) आणि २५ टक्क्यांपर्यंत खरेदी आहे, पण दर तिथेही जुळवावाच लागतो, आणि बंधन केंद्राच्याच संस्थांवर.

आता राज्याचं. सामूहिक प्रोत्साहन योजनेतली मुख्य रक्कम म्हणजे विक्रीवर भरलेल्या एसजीएसटीचा, म्हणजे राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा परतावा. तो मिळतो माल महाराष्ट्रात विकला आणि महाराष्ट्रातच उतरवला तर. लातूरहून बीदर, कलबुर्गी जवळ आहे म्हणून तू कर्नाटकातली विक्री हिशेबात धरली आहेस. त्यावर आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी लागेल, परतावा शून्य. शिवाय सगळ्या परताव्याला छत आहे, आणि ते तुझ्या स्थिर भांडवलाच्या टक्क्यांत मोजतात. टक्के आणि वर्षं तालुक्याच्या गटावर ठरतात. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन तुझ्या तालुक्याचा गट आणि सध्या लागू असलेला शासन निर्णय लेखी घे. तोंडी माहितीवर जमीन घेऊ नकोस.

खरी गोम 'स्थिर भांडवल' या दोन शब्दांत आहे. शेड, वाइंडिंग मशीन, ओव्हन, टेस्ट बेंच यात बसतात. पण या धंद्यात पैसा तिथे नसतो. महिन्याला १०० केव्हीए क्षमतेचे १०० नग काढायचे म्हटले तर साधारण २० टन सीआरजीओ (कोअरचं खास पोलाद), ९-१० टन ॲल्युमिनियम आणि २० हजार लिटर तेल लागेल (नगामागे २०० किलो, ९०-१०० किलो आणि २०० लिटर, डिझाइननुसार थोडं इकडेतिकडे). यातलं बरंचसं आगाऊ पैसे किंवा एलसीवर (बँकेच्या हमीपत्रावर). माल तयार झाला की तपासणीची वाट, मग पाठवणी, मग स्टोअरची पावती, मग बिल, मग पैसे. म्हणजे तीन-चार महिन्यांचा माल कायम अडकलेला. या खेळत्या भांडवलावर अनुदानाचा एक पैसाही नाही. भिंती आणि मशीन मोजणारी योजना सिमेंटच्या कारखान्याला शोभते, आपल्याला नाही.

उशिरा पैशांवर कायदा आहे खरा : सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असली तर जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज, आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार. पण ज्या कंपनीकडून पुढची ऑर्डर हवी तिच्यावरच दावा कोण लावतो? त्यापेक्षा ट्रेड्सवर (बिलापोटी बँकांकडून लगेच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) बिल विकण्याची सोय उपयोगी. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, पण नोंदणी असणं आणि तुझं बिल तिथे स्वीकारणं यात फरक आहे. निविदा भरायच्या आधी हे विचारून घे.

आता मला ज्यावर जास्त बोलायचं आहे ते कोअर. आयएस ११८० या भारतीय मानकानुसार १०० केव्हीए, ११ केव्ही, लेव्हल २ला (ऊर्जाबचतीची श्रेणी) एकूण लॉस, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्येच वाया जाणारी वीज, अर्ध्या भाराला ४७५ वॉट आणि पूर्ण भाराला १६५० वॉटच्या आत हवा. या कमाल मर्यादा आहेत, वर सूट नाही. नवखा माणूस १६५० कडे बघतो, आणि चावतो तो ४७५. अर्ध्या भाराला वाइंडिंगचा लॉस पाव होतो, कोअरचा तेवढाच राहतो. म्हणून कोअर लॉस १५० वॉट आला तर वाइंडिंगला (४७५ − १५०) × ४ = १३०० वॉट मिळतात, पूर्ण भाराला बेरीज १४५०, आरामात आत. कोअर १८० आला तर वाइंडिंगला फक्त ११८०. कोअरमध्ये ३० वॉट चुकले की वाइंडिंगमध्ये १२० वॉट कमी करायला लागतात, म्हणजे जाड तार, मोठी क्वाइल, मोठी खिडकी, पुन्हा जास्त कोअर. स्वस्त लॅमिनेशन असं महाग पडतं.

मानकाप्रमाणे १२.५ टक्के जास्त व्होल्टेजला फ्लक्स (कोअरमधल्या चुंबकत्वाची घनता) १.९ टेस्लाच्या वर जाता कामा नये, म्हणजे नेहमीच्या व्होल्टेजला १.६९. हे वरचं टोक झालं. लॉस सांभाळायचा तर ०.२३ मिमीच्या चांगल्या हाय-बी ग्रेडनेसुद्धा (कमी लॉसचं वरच्या प्रतीचं पोलाद) १.५५ च्या आसपास राहावं लागतं. कापलेल्या पट्टीचा बर (कडेला उरलेली धार) २० मायक्रॉनच्या आत हवा. जास्त झाला की पट्ट्या एकमेकींना शॉर्ट होतात आणि मिलच्या सर्टिफिकेटवरचे वॉट प्रति किलो तुझ्या बेंचवर दिसत नाहीत. रचताना सांध्यात फट राहिली किंवा पट्टीवर हातोडा मारला तरी तेच. परदेशातल्या भंगार ट्रान्सफॉर्मरचं कोअर कापून 'प्राइम' म्हणून विकायचा धंदा या देशात वर्षानुवर्षं चालला. तो रोखायलाच पोलादावर आयएस ३०२४ या मानकाचं बंधन आलं. गठ्ठा घेताना कॉइल नंबर, मिल सर्टिफिकेट आणि आयएसआय खूण यांची जुळणी कर आणि गठ्ठ्याच्या मधल्या पट्ट्या काढून तपास. वरच्या दहा नेहमीच चांगल्या असतात.

देशात हे पोलाद बनवणारा जुना कारखाना आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात आहे. थिसेनक्रुपकडून तो जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईच्या संयुक्त कंपनीकडे २०२५च्या सुरुवातीला आला. बाकीची मोठी गरज आयातीवर भागते. विशेष पोलादाच्या पीएलआयमध्ये (केंद्राची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना) सीआरजीओ होतं, पण अट एवढी मोठी होती की जानेवारी २०२५च्या दुसऱ्या फेरीत ती ३००० कोटी गुंतवणूक आणि ५० हजार टन क्षमता इथपर्यंत खाली आणावी लागली. माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत नेमकं धोरण हेच, कारण ते अडलेल्या जागी हात घालतं. पण त्याचा माल तुझ्या शेडपर्यंत यायला वेळ लागेल. तोवर दोन पुरवठादार आणि दीड-दोन महिन्यांचा साठा ठेव.

दरबदलाचं कलम विसरू नकोस. निविदेत इमाचं (विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना) सूत्र असेल तर ॲल्युमिनियम, सीआरजीओ, तेल यांच्या मासिक निर्देशांकाप्रमाणे दर हलतो. पण आधारतारीख कोणती, वर जायला मर्यादा आहे का, आणि उशीर तुझ्याकडून झाला तर कोणत्या महिन्याचा निर्देशांक धरणार, हे तीन प्रश्न बघ. 'फर्म प्राइस' असेल तर ऑर्डर आली त्याच दिवशी माल बांधून घे.

परवाना : ट्रान्सफॉर्मरवर गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे, आयएसआय खुणेशिवाय विकताच येत नाही. बीआयएसचा, म्हणजे आयएसआय खूण देणाऱ्या मानक संस्थेचा अधिकारी आधी तुझी टेस्ट बेंच बघतो. रेझिस्टन्स, रेशो आणि डीवायएन-११ (वाइंडिंगच्या जोडणीची पद्धत), लॉस, इम्पिडन्स (४.५ टक्के, ±१० टक्के सूट), २८ केव्हीची सेपरेट सोर्स, इंड्यूस्ड ओव्हरव्होल्टेज (या दोन्ही इन्सुलेशनच्या चाचण्या) हे सगळं तुझ्याच शेडमध्ये व्हायला हवं. पॉवर ॲनालायझर आणि सीटी-पीटी या मोजमापाच्या साधनांत काटकसर नको. ४७५ मध्ये ५ वॉटची चूक म्हणजे लॉट परत.

त्यापुढची पायरी शॉर्ट सर्किट टेस्ट. ती सीपीआरआय या केंद्राच्या वीज संशोधन संस्थेत भोपाळ-बेंगळुरूला किंवा वडोदऱ्याच्या एर्डा या चाचणी संस्थेत. रांग लागते, म्हणून तारीख प्रोटोटाइप सुरू करतानाच माग. नाशिकजवळ शिलापूरला सीपीआरआयची प्रयोगशाळा हवी असा आग्रह इथल्या उद्योजकांनी धरला तो यासाठीच, आणि ती तुझ्यासारख्याला कोणत्याही अनुदानापेक्षा जास्त कामाची. टेस्टमध्ये प्रत्येक फेजला तीन असे नऊ झटके, प्रत्येकी अर्धा सेकंद, आणि नंतर रिॲक्टन्स (क्वाइल हलली का हे दाखवणारं मोजमाप) २ टक्क्यांहून जास्त बदलता कामा नये. नापास होतात ते बहुधा एचव्ही (उच्च दाब) आणि एलव्ही (कमी दाब) क्वाइलची उंची जुळत नाही म्हणून (मग दोन्ही उभ्या दिशेने एकमेकींना ढकलतात), क्वाइल ओव्हनमधून काढल्यावर आकसलेली असताना पुन्हा आवळली नाही म्हणून, किंवा लीडला आधार नसतो म्हणून. आवळणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि घाईच्या शिफ्टमध्ये नेमकं तेच राहतं.

ओव्हनवर खर्च कर. कागद ओल पकडतो, आणि पावसाळ्यात ओव्हनमधून टाकीत जाईपर्यंतचा वेळ जितका कमी तितकं बरं. तेल व्हॅक्यूमखाली भर, बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसतं ते) ६० केव्हीच्या वर ठेव. गॅरंटीत परत येणारे नग पाहा : गॅस्केट गळून तेल खाली गेलेलं, सिलिका जेल ओल शोषून गुलाबी पडलेलं, आणि रब्बीत एकदम सगळ्या मोटारी सुरू झाल्यावर एलव्हीच्या फ्यूजऐवजी कोणीतरी जाड तार बांधलेली. शेवटच्यात दोष तुझा नाही, पण वाहतूक आणि दुरुस्ती तुझ्याच अंगावर येते. म्हणून दरात परतीच्या नगांचा खर्च आधीच धर.

तुझ्या सीएला सांग, दोन वेगळे तक्ते कर. एकात अनुदान शून्य, पैसे १२० दिवसांनी, विक्री फक्त महाराष्ट्रात. तो तक्ता उभा राहिला तरच अनुदान धरलेल्या दुसऱ्याकडे बघू. मला १०० केव्हीएचं डिझाइन शीट पाठव : कोअरचा व्यास, खिडकीची उंची, फ्लक्स, दोन्ही क्वाइलचे वेढे आणि तारेचं माप. पैशांचा तक्ता नंतर.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत