जिभाऊ, माझ्या वहीतला बेसरा मी खोडला

आदरणीय जिभाऊ,
साष्टांग नमस्कार.

पक्षी ओळखायला शिकवलंत म्हणून फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच पाऊसपाण्याचं विचारता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणालगतची ती डिसेंबरची सकाळ तुम्हाला आठवत असेलच. बाभळीवर पारव्याएवढा एक शिकारी पक्षी बसला होता. पाठ तपकिरी, छातीवर फराटे आणि गळ्याच्या मधोमध गडद रेघ. मी वहीत लाल शाईनं ‘बेसरा’ लिहून मोकळी झाले होते. तुम्ही वही वाचलीत, चूक म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, “पहिले काय देखं ते सांग, नाव मंग.”

मग तुमचे प्रश्न सुरू झाले. रेघ किती जाड होती? छातीवरच्या खुणा उभ्या की आडव्या? शेपटीवरचे काळे पट्टे जाड की त्यांच्यामधली फिकी जागा जाड? मला फक्त रेघ आठवत होती. तुम्ही बांधावर बसलात, कळण्याची भाकरी सोडलीत आणि तो पक्षी परत येईपर्यंत माझ्यासाठी तीन तास थांबलात. त्या तीन तासांचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत.

पक्षी परत आला, तेव्हा तुम्ही दुर्बीण माझ्याच हातात ठेवलीत. गळ्यावरची रेघ शिक्र्यालाही, म्हणजे बेसऱ्यासारख्याच दिसणाऱ्या लहान शिकारी पक्ष्यालाही, असते. मोठ्या पक्ष्यात ती पुसट राखाडी असते, पण पिल्लूवयात चांगली गडद दिसते. तिथेच मी फसले होते. छातीवर थेंबांसारखे उभे ठिपके होते आणि शेपटीवरचे पट्टे बारीक होते. बेसऱ्याच्या शेपटीवरचे काळे पट्टे रुंद, मधल्या जागेइतकेच भरतात. शिवाय बेसरा दाट जंगलातला. कपाशीच्या शेताकडेच्या बाभळीवर तो म्हणायचा तर पुरावा तेवढाच भक्कम हवा. माझा बेसरा म्हणजे त्याच वर्षी घरटं सोडलेला शिक्रा होता.

त्याआधी मी डोळ्यांच्या रंगावर आणि आकारावर विसंबायचे. शिक्र्याच्या नराचे डोळे लाल आणि मादीचे पिवळे-नारिंगी, हे खरं. पण पिवळा डोळा तर पिल्लालाही असतो, बाशाच्या, म्हणजे युरेशियन स्पॅरोहॉकच्या, मादीलाही असतो. आकाराचं तर विचारूच नये. या पक्ष्यांत मादी नराहून मोठी असते; बाशाची मादी वजनानं नराच्या जवळजवळ दुप्पट भरू शकते. शिकारी पक्षी पाळून शिकार करणाऱ्या जुन्या बाजदारांनी मादी शिक्रा तर नर चिपका, मादी बेसरा तर नर धोती, मादी बाशा तर नर बाशीन अशी वेगळी नावं का ठेवली, ते तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. ज्यांचं पोट या पक्ष्यांवर होतं त्यांना एका नावात दोन आकार कोंबणं परवडलं नसणार.

बाशा मला दुसऱ्या हिवाळ्यात दिसला. हिमालयाकडून आणि त्याहून उत्तरेकडून आलेला पाहुणा. दादर ज्वारीच्या शेतावरून तो इतका खालून गेला की भोरड्यांचा थवा एकदम फुटला. चारदोन वेळा झपझप पंख, मग थोडं तरंगणं, पुन्हा पंख. पण शिक्राही असाच उडतो, म्हणून तुमचं वाक्य आठवून मी नाव घेतलं नाही. फोटो मोठा करून पंखाच्या टोकाची बोटं, म्हणजे बोटांसारखी सुटी दिसणारी पिसं, मोजली. सहा! शिक्र्याला आणि बेसऱ्याला पाचच. भुवई पांढरी, गळ्यावर मधली रेघ नाही. मी तुम्हाला फोन लावला तेव्हा आवाज थरथरत होता. तुम्ही म्हणालात, “आते नाव लिख.”

पावशा या कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याचंही तसंच. आषाढाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ ओरडतो तोवर त्याला कोणीही ओळखतं. थंडीत तो गप्प बसला की राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपटी आणि शिक्र्यासारखीच उडण्याची ढब. सातभाईसुद्धा त्याला पाहून कालवा करतात. तुम्ही मला चोच बघायला शिकवलंत. पावशाची चोच सरळसर, शिक्र्यासारखी आकडीदार नाही. आणि आवाजावर भुलू नको, कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, हेही.

एकदा मी वैतागून विचारलं होतं की वहीत एक नाव चुकलं तर काय बिघडलं? तेव्हा तुम्ही रानपिंगळ्याची गोष्ट सांगितलीत. 1884 नंतर या घुबडाचा संग्रहालयात ठेवलेला खात्रीचा नमुनाच नव्हता. ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेत एक मिळवल्याची नोंद केली होती आणि शोधणारे त्या नोंदीमागे गेले. तो नमुना प्रत्यक्षात जेम्स डेव्हिडसन यांनी 1880च्या दशकात जमवलेल्यांपैकी, चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला निघाला. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते शोधून काढलं, खऱ्या जुन्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. माझी चूक लबाडीची नव्हती, पण पुढच्या माणसाला ती त्याच वाटेनं नेऊ शकते, हे मला तिथे उमगलं.

त्या रात्री जुन्या वह्या काढल्या. दोन वर्षांत 41 ठिकाणी ‘शिक्रा’ लिहिलं होतं. कशावरून ओळखला हे 14 नोंदींतच सापडलं. त्या ठेवल्या. बाकीच्यांपुढे ‘लहान शिकारी पक्षी, नाव नाही’ असं लिहिलं आणि लाल शाईतला बेसरा खोडला. वही हलकी झाली, जिभाऊ, पण आता तिच्यातल्या प्रत्येक ओळीबद्दल मी कोणालाही उत्तर देऊ शकते. माझ्या शाळेतल्या मुलींना मी हीच रीत शिकवते आहे. त्यांच्या वहीत नावाचा रकाना सगळ्यात शेवटी आहे.

खरा बेसरा अजून दिसलेला नाही. तोरणमाळच्या झाडीत मागच्या महिन्यात एक पक्षी क्षणभर दिसला, रेघ जाड वाटली, शेपटी दिसली नाही. नोंद नावाशिवाय आहे.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घरी येते आहे. तुमच्या विहिरीजवळच्या निंबावर शिक्र्याची जोडी काड्या नेते आहे असं वहिनी म्हणाल्या. मी येईपर्यंत त्या फांदीखाली कोणाला जाऊ देऊ नका.

आपली विद्यार्थिनी