‘आयात’ हा शब्द लीच यांना लागू पडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जपानच्या रग्बी संघाविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेला लेख वाचला. परदेशात जन्मलेल्या सर्वच खेळाडूंना त्यात सरसकट ‘आयात खेळाडू’ म्हटले असून, उदाहरण म्हणून माजी कर्णधार लीच मायकेल यांचे नाव देऊन त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेतली आहे. हे उदाहरणच नेमके चुकले आहे, म्हणून हे पत्र.

आयात होतो तो तयार माल. लीच २००४ साली न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च सोडून जपानमधील साप्पोरोच्या यामानोते शाळेत दाखल झाले तेव्हा ते अवघे १५ वर्षांचे होते. पुढचे शिक्षण तोकाई विद्यापीठात आणि व्यावसायिक रग्बी तोशिबाच्या संघात, म्हणजे त्यांची खेळाडू म्हणून घडण बहुतांशी जपानच्याच मैदानांवर झाली. वडील न्यूझीलंडचे आणि आई फिजीची असल्याने त्या दोन्ही देशांकडून खेळण्याचा हक्क त्यांना जन्मानेच मिळालेला होता. जपानचा हक्क मात्र तिथे राहून मिळवावा लागला.

लेखात नागरिकत्व आणि संघनिवड यांची गल्लत झाली आहे. रग्बीत राष्ट्रीय संघासाठी पासपोर्ट पाहिला जात नाही. खेळाडूचा जन्म, आईवडील किंवा आजीआजोबांचा जन्म, नाहीतर ठरावीक काळाचे सलग वास्तव्य, यांपैकी एक गोष्ट पुरेशी असते. लीच यांनी २००८ मध्ये जपानकडून पदार्पण केले, तेव्हा वास्तव्याची अट तीन वर्षांची होती. नागरिकत्व त्यांनी घेतले ते २०१३ मध्ये. तोवर पाच वर्षे ते परदेशी नागरिक म्हणूनच जपानची जर्सी घालत होते आणि पुढेही तसेच खेळत राहिले असते तर कोणाला हरकत घेता आली नसती. जपानचा कायदा दुहेरी नागरिकत्व सहसा मानत नाही. असे असताना, खेळासाठी मुळीच गरज नसलेले नागरिकत्व ज्याने स्वीकारले, त्याच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याआधी लेखकाने थोडे थांबायला हवे होते.

लेखकाचा आक्षेप पूर्णपणे निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. तीन वर्षांच्या अटीचा हिशेब मांडून खेळाडू आणले जात होते, हे खरेच आहे. दक्षिण आफ्रिकेचे सी. जे. स्टँडर २०१२ मध्ये आयर्लंडमधील मन्स्टर संघाकडे गेले, २०१६ मध्ये आयर्लंडकडून खेळू लागले आणि २०२१ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतले. यात बेकायदा काहीच नव्हते, आणि ते मैदानावर जीव तोडून खेळत. तरीही अशा वाटचालीबद्दल कुरबूर होत राहिली आणि रग्बीच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये ही मुदत पाच वर्षांवर नेण्याचा निर्णय घेतला. माझ्या मते तो योग्यच होता. ती वाढीव अट असती तरी लीच यांचे पदार्पण फार तर वर्षभर लांबले असते, आणि नागरिकत्व घेण्याच्या सुमारास तर जपानमध्ये त्यांची नऊ वर्षे होत आली होती.

१९ सप्टेंबर २०१५ चा इंग्लंडमधील ब्रायटनचा विश्वचषक सामना ज्यांनी पाहिला, त्यांना तर हे सांगायलाच नको. तोवरच्या सर्व विश्वचषकांत मिळून जपानचा एकच विजय होता, तोही १९९१ मध्ये झिम्बाब्वेविरुद्धचा. समोर दोन वेळचा जगज्जेता दक्षिण आफ्रिका. अगदी अखेरीस धावफलकावर २९-३२ असताना जपानला पेनल्टी मिळाली. चेंडू खांबांमधून मारला की तीन गुण आणि बरोबरी, आणि प्रशिक्षक एडी जोन्स यांना तेच हवे होते. प्रतिस्पर्ध्यांचा एक खेळाडू पिवळे कार्ड मिळून बाहेर बसला होता. कर्णधार लीच यांनी मात्र स्क्रम मागितला, म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून चेंडूसाठी जोर लावायचा आणि तिथून विजयासाठी खेळायचे. त्यानंतर चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, नुकतेच मैदानात उतरलेले राखीव खेळाडू कार्न हेस्केथ यांनी कोपऱ्यात ट्राय केला (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, त्याचे पाच गुण) आणि जपान ३४-३२ असे जिंकले. हेस्केथही जन्माने न्यूझीलंडचेच! बरोबरी पदरात पडत असताना ती नाकारण्याचा धोका पाहुणा म्हणून वावरणारा माणूस पत्करत नाही, असे मला वाटते.

२०१९ च्या विश्वचषकात आयर्लंडविरुद्ध याच लीच यांना पहिल्या पंधरांतून वगळले होते. सहकारी जखमी झाल्याने ते पूर्वार्धातच मैदानात आले आणि जपानने तो सामना १९-१२ असा जिंकला. २०२३ मध्ये चौथा विश्वचषक खेळताना कर्णधारपद त्यांच्याकडे नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली तोशिबाने १४ वर्षांनंतर देशातील अजिंक्यपद मिळवले.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात त्यांचे नाव ‘मायकेल लीच’ असे छापले आहे. जपानचे नागरिकत्व घेतल्यापासून ते तिथल्या रीतीप्रमाणे आडनाव आधी लावून ‘लीच मायकेल’ असे लिहितात. यापुढे आपल्या पानावर ते तसेच यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक