चार्जर बदलण्याआधी मीटर लाव

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझी राहायची सोय असलेली गाडी रात्रभर घरच्या लाइनला जोडलेली असते, चार्जरचा हिरवा दिवा लागलेला असतो, तरी सकाळी आतल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर (इंजिनच्या नव्हे) 12.1 व्होल्टच दिसतात. मेकॅनिक म्हणतो, नवा चार्जर घे. घेऊ नकोस, इतक्यात तरी. दिवा लागला म्हणजे चार्जरला वीज मिळते एवढंच कळतं. बॅटरीत करंट जातोय का, ते मोजल्याशिवाय समजत नाही. माझा पहिला संशय चार्जर आणि बॅटरी यांच्या मधल्या जोडांवर आहे. गाडी सतत हादरते, नट ढिले होतात, थिंबलखाली (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीखाली) गंज धरतो.

डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा) कुणाकडून तरी माग; साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो इथे उपयोगाचा नाही. इंजिन बंद, फ्रिज-पंखे-दिवे बंद. छतावर सोलर आहे, त्याच्या पॅनेलची वायर आधी सोडव. नाहीतर सोलरचा कंट्रोलर (पॅनेलकडून होणारं चार्जिंग आवरणारा डबा) बॅटरीचा व्होल्टेज वर धरून ठेवतो आणि चार्जर बॅटरी भरली असं समजून स्वस्थ बसतो.

आता चार्जर चालू करून सॉकेटवर 230 व्होल्टच्या आसपास आहेत का बघ. खेड्यातल्या लाइनवर 180 पर्यंत उतरलेलं असेल तर जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या चार्जरचा आउटपुटही त्याच प्रमाणात घसरतो. मग चार्जरच्या आउटपुट टर्मिनलवर डीसी व्होल्टेज घे आणि लगेच बॅटरीवर घे. बॅटरीवर मोजताना मीटरची टोकं वायरीच्या पकडीवर नको, थेट शिशाच्या खुंटावर टेकव. पूर्ण करंट वाहत असताना दोन्हींत 0.3 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष मधेच आहे. मायनसची बाजू विसरू नकोस, लोक प्लसच तपासत बसतात. फ्यूजच्या दोन्ही टोकांमध्येही मोज: दिसायला धड असलेला फ्यूज होल्डरमध्ये भाजलेला असतो, तिथेच अर्धा व्होल्ट खातो.

वायर बारीक असेल तरी हेच होतं. 5 मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर. 6 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून 20 ॲम्पिअर नेले की साधारण 0.6 व्होल्ट वाटेतच जातात. चार्जर स्वतःच्या टोकाला 14.4 दाखवतो, बॅटरीला मिळतात 13.8. करंट लवकर कमी होतो आणि बॅटरी भरायला फार वेळ लागतो. 16 स्क्वेअर एमएम घातली की तोच तोटा पाव व्होल्टच्या आत येतो. थिंबल दाबायला क्रिंपिंगचं यंत्र वापर, पक्कडीने चेपलेलं थिंबल टिकत नाही.

दोन्हीकडे 13.6 आणि करंट जेमतेम 1 ॲम्पिअर, बॅटरी मात्र अर्धी रिकामी? मग चार्जर फ्लोटमध्ये (भरलेली बॅटरी नुसती टिकवून धरायच्या अवस्थेत) अडकलाय, किंवा बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विच चुकीच्या जागी आहे. टेंपरेचर सेन्सरची वायरही बघ. आणि इकडे मे महिन्यात आलास तर एक ध्यानात ठेव: इथे पारा 43-44 पर्यंत जातो, सीटखालच्या बंद कप्प्यात त्याहून जास्त. सेन्सर असलेला चार्जर 40 अंशांना 14.4 च्या जागी 14.1 च्या आसपास देतो. तो दोष नव्हे, बॅटरी वाचवण्यासाठीच तसं केलेलं असतं.

आउटपुट शून्य दिसला तरी लगेच निकाल देऊ नकोस. बरेच स्मार्ट चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय आउटपुट देतच नाहीत. बॅटरी फारच उतरली असेल तरी काही चार्जर सुरू होत नाहीत. अशा वेळी चांगली 12 व्होल्टची बॅटरी, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, थोडा वेळ समांतर जोड. तुझी लिथियम असती तर बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षण सर्किटने) पुरवठा तोडलेला असू शकतो, हेही तपासायला सांगितलं असतं.

बॅटरी स्वतःच गेली असेल तर चार्जर बिचारा काय करणार? पूर्ण चार्ज करून 4-5 तास काहीही लोड न देता ठेव. 12.6 च्या वर राहिली तर ठीक. दुसऱ्या दिवशी 10.5 वर आली तर एक सेल मेलाय. हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेल बघ, त्यांच्या घनतेत 0.050 पेक्षा जास्त फरक नको.

चार्जर उघडायची वेळ आलीच, तर प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरवर (वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर) 320 व्होल्टच्या आसपास राहू शकतात, आणि तो धक्का जिवावर बेततो. 230 व्होल्टचा बल्ब त्याच्या दोन टोकांना धरून रिकामा कर, मग मीटरने खात्री कर. डोक्याला फुगलेले आउटपुटचे कंडेन्सर आणि जाम झालेला पंखा, हे दोन हमखास सापडतात. अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागाच्या शेडजवळ गाडी उभी करणार आहेस. तिथे हवेत कापसाचे तंतू असतात, ते पंख्यात अडकतात, चार्जर तापतो आणि मग कंडेन्सर सुकतात. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. कप्प्याला जाळी लावून हवा जायला वाट ठेव. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा 100 वॅटचा साधा तारेचा बल्ब चार्जरच्या 230 व्होल्टच्या वायरीत सिरीजमध्ये घालूनच चालू कर. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरं. पूर्ण तेजाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद कर.

मला तीन आकडे कळव: चार्जरवरचा व्होल्टेज, खुंटावरचा व्होल्टेज आणि करंट. तिन्ही एकाच वेळी, बॅटरी उतरलेली असताना घेतलेले हवेत. त्यावरून काय मागवायचं ते सांगतो.

तुझा,
सोलापूरचा मित्र